तीन आटे

आमचं गाव मोहोळ तालुक्यात आहे, पण मोहोळपेक्षा भीमा आम्हाला जवळ. अलीकडच्या काठाला आम्ही, पलीकडं मंगळवेढा तालुका. नदीनं खाली गेलं की बेगमपूर लागतं आणि त्याच्या समोरच्या अंगाला माचणूर, ब्रह्मपुरी. औरंगजेब १६९५ पासून चारेक वर्षं ब्रह्मपुरीला तळ देऊन बसला होता. आमच्याकडची म्हातारी माणसं त्याची फौज कुठं उतरली, हत्ती कुठनं पाण्यावर नेले, हे काल बघितल्यासारखं बोट करून सांगतात. मला त्या इतिहासातलं फार कळत नाही. मी सांगणार आहे तो इतिहास बोल्टाच्या आट्यांचा. तो विलायतेतनं निघून आमच्या नदीपर्यंत आला आणि एका श्रावणात अकरा माणसांच्या जिवावर उठला. उठला म्हणजे मी उठवला.

आधी नदीचं सांगतो. उजनीचं धरण १९८० ला पुरं झालं. त्याच्या आधी भीमा म्हणजे पावसाळ्यात दुथडी आणि उन्हाळा लागला की नुसती वाळू. आम्ही पोरं चपला हातात घेऊन पलीकडं जायचो. बायका वाळूत झरे उकरून वाटीवाटीनं घागरी भरायच्या. पात्रात टरबुजाचे, काकडीचे वाफे असायचे. होडी पावसाळ्यापुरती. पाणी ओसरलं की कोळ्यांचे तात्या ती काठावर पालथी घालायचे आणि सुगीला घरोघर धान्य गोळा करायचे. उजनी झाली, मग सोलापूर शहराला पिण्यासाठी नदीतनं पाणी सोडायला लागले, जागोजाग बंधारे झाले आणि नदीला बारा महिने पाणी राहिलं. ऊस वाढला. आमचं बरंच झालं, त्यात खोटं नाही. पण पायी पलीकडं जायची वाट पाण्याखाली गेली ती गेलीच. ज्याची सोयरीक समोरच्या गावात त्याला पुलावरनं मोठा वळसा पडायला लागला. होडी बारमाही झाली, आणि नेमक्या त्याच वर्षांत तात्यांची हाडं म्हातारी झाली.

आता इंजानाचं. मी इंजान म्हणतो, तुम्ही इंजिन वाचा. १९७२ च्या दुष्काळात माझे आण्णा आणि आई दोघं खडी फोडायला होते. मी सुकडी खाऊन मोठा झालेला माणूस. त्या वर्षी विहिरीनं तळ दाखवला, मोटेचे बैल चाऱ्यावाचून गेले. पाऊस आल्यावर बैल परत घ्यायचे का इंजान, असा घरात विचार झाला. आण्णांनी कर्ज काढलं आणि ७४ साली पाच हॉर्सपावरचं इंजान बैलगाडीतनं आणलं, तेही भाड्याच्या बैलांच्या. आईनं त्याला हळदकुंकू लावलं. हँडल मारून चाकाला वेग दिला, वरची कळ पाडली आणि त्यानं पहिला ठोका दिला, तेव्हा आण्णांच्या डोळ्यांत पाणी होतं. आवाजावरनं सांगता यायचं, कुणाचं इंजान चालू आहे आणि कुणाचं रुसलंय.

माझी दहावी झाली आणि मी मळ्यात उतरलो. पुढं शिकलो नाही, पण पाना हातात घेतला तो ठेवला नाही. इंजानानं हवा धरली, नोझल थेंब गाळतंय, फुटबॉल गळतोय (फुटव्हॉल्व्हला आमच्याकडं अजून फुटबॉलच म्हणतात), कुणाचं काही असलं की मला बोलावणं यायचं. पैसे कुणी देत नसे, चहा मिळायचा आणि मान मिळायचा. मानाचीच गोडी लागते माणसाला. पंधरा वर्षांत मला असं वाटायला लागलं होतं की इंजानातलं आपल्याला कळत नाही असं काही उरलेलं नाही.

सालाचा आकडा छातीला हात लावून सांगत नाही. थोरला पोरगा तिसरीत होता. तात्यांचा उजवा खांदा गेला, वल्हं ओढवंना. पोरगा सोलापुरात गिरणीच्या कामाला गेलेला. तात्या एका सांजेला मळ्यात आले आणि म्हणाले, "गड्या, होडीला इंजान बसवून दे. कोकणात समद्या होड्यांना हाय म्हणं."

सोलापुरातनं भंगारातलं दोन सिलिंडरचं इंजान मिळालं. कुठल्यातरी जनरेटरवरचं असावं. बॉडी चांगली होती, पण डिझेलची टाकी आणि टाकीपासनं पंपापर्यंतची नळी कुणी आधीच काढून नेलेली. शाफ्ट आणि पंखा वेल्डिंगवाल्यानं जमवून दिला. इंजान होडीच्या मागच्या अंगाला जाड ओंडक्यांवर घट्ट बसवलं. टाकी म्हणून वीस लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन घेतला. वजन वर ठेवलं तर होडी डुलते म्हणून तो खाली, होडीच्या तळाला ठेवला. हा माझा शहाणपणा. इंजानाला डिझेल ओढून घेणारा छोटा पंप होता, फीड पंप म्हणतात त्याला, त्यामुळं कॅन खाली ठेवला तरी चालत होतं.

राहिली नळी. आमच्या मळ्यातल्या इंजानाची जुनी तांब्याची नळी घरात पडून होती, टोकाला पितळी निपल असलेली. ती निपल फीड पंपाच्या भोकात घातली. हातानं फिरवली. एक आटा गेला, दोन गेले, तीन गेले. चौथ्याला अडली. मी म्हटलं, जुनं पितळ आहे, मळ बसला असंल. सुताचा धागा गुंडाळला, सफेदा लावला, पाना घातला आणि दाबलं. अर्धा वेढा करकरत गेला. मग अशी घट्ट बसली की हलवता हलंना. मी तात्यांना म्हटलं, "आता ही नदी आटंल, पण हा जोड सुटायचा नाही."

आठ-दहा दिवस होडी झकास चालली. लोक काठावर बघायला यायचे. फटफट आवाज आला की पलीकडची पोरं पळत घाटावर. मीच तात्यांना सांगितलं, वल्ही आता काठावर ठेवा, दोन माणसांची जागा अडते. तात्यांनी वल्ही ठेवली, पण लांब बांबू काही सोडला नाही.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी होडीत अकरा माणसं होती. माहेरला निघालेल्या चार बायका, त्यात माझ्या धाकट्या भावाची बायको, कडेवर दीड वर्षाचं पोरगं. दोन म्हातारी माणसं, मंगळवेढ्याला निघालेले एक मास्तर, आणखी एक-दोन, तात्या आणि मी. मी रोज जात नव्हतो. त्या दिवशी भावजय होती म्हणून आणि खरं म्हणजे मिरवायला म्हणून गेलो. वर उजनीतनं पाणी सोडलं होतं. पूर नव्हता, पण नदी तांबडी आणि ओढ असलेली. खाली अर्ध्या मैलावर बंधारा. पावसाळा म्हणून त्याचे बर्गे काढलेले, पण दगडी खांब उभेच. खांबांच्या मधनं पाणी कसं घुसतं ते काठावरनं बघायला चांगलं वाटतं.

मध्यावर इंजानाचा आवाज पातळ झाला. दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

इंजान बंद पडलं की होडीत किती शांत होतं, ते मी त्या दिवशी ऐकलं. पाण्याचा आवाज आधीही होताच की, पण ऐकू येत नव्हता. होडी हळूच आडवी झाली आणि खाली निघाली. तात्यांनी बांबू घातला, तो तळाला लागंना. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "वल्ही" असा शब्द त्यांच्या तोंडात आला असणार, पण ते बोलले नाहीत.

मी फिल्टरवरचा हवेचा स्क्रू ढिला केला. डिझेल यायच्या जागी पांढरा फेस आला. पंपाची कळ दाबत बसलो, दहा वेळा, वीस वेळा. फेसच. स्क्रू आवळला, हँडल मारलं. चार ठोके दिले आणि परत गप्प. जोडाकडं बघितलं तर एक थेंब गळत नव्हता, कोरडा ठणठणीत. म्हणजे जोड चांगला, मग हवा येते कुठनं? माझं डोकं चालंना. खांब आता एकेक मोजता येत होते.

तात्या म्हणाले, "आरं, मळ्यात तुझ्या आण्णाच्या इंजानाचा डबा कुठं असायचा?"

"वर."

"मंग?"

एवढंच. त्या माणसाला डिझेलचं काही कळत नव्हतं. त्यांनी आयुष्यभर पाणी बघितलं होतं, ते वरनं खाली येतं एवढं त्यांना ठाऊक. मळ्यात टाकी इंजानाच्या डोक्यावर असायची. तिथं जोड ढिला असला तर डिझेल बाहेर गळायचं, दिसायचं, वास यायचा, आणि इंजान तरी चालायचं. इथं कॅन खाली, पंप वरनं ओढतोय. जोड ढिला असला तर बाहेर थेंब येत नाही, बाहेरची हवा आत जाते. गळणारा जोड दिसतो, ओढणारा दिसत नाही.

मी कॅन उचलला. पण मी तो धरला तर हँडल कोण मारणार, आणि तात्यांचा खांदा गेलेला. आमच्यात थोरल्या दिरासमोर भावजय बोलत नाही, डोक्यावरचा पदर ढळू देत नाही. तिनं पोरगं शेजारच्या बाईच्या मांडीवर दिलं, पदर कमरेला खोचला आणि म्हणाली, "भाऊजी, डबा किती वर धरू?"

घागर घेतात तसा तिनं कॅन खांद्यावर घेतला आणि इंजानाजवळ गुडघ्यांवर उभी राहिली. अर्धा कॅन भरलेला. मी परत स्क्रू ढिला केला. फेस, फेस, मग बुडबुडे, मग सलग धार. आता जोडातनं डिझेल गळायला लागलं, टपटप. ते गळताना बघून मला इतका आनंद कधी झाला नव्हता. कॅनाच्या तोंडातनं हेलकाव्यानं सांडत होतं ते तिच्या मानेवरनं पाठीवर. हँडल मारलं. तिसऱ्या वेळेला इंजान लागलं. आम्ही घाटाच्या बरंच खाली, बाभळीच्या झाडोऱ्यात जाऊन काठाला लागलो. बंधारा तिथनं हाकेच्या अंतरावर होता.

होडीतनं उतरून लोक काही न बोलता वर चढले. मास्तरांनी तेवढं माझ्याकडं वळून बघितलं. भावजयीची मान आणि पाठ डिझेलनं लाल झाली होती, पुढं आठ दिवस कातडी सोलत होती. ती तशीच, डिझेलच्या वासाच्या लुगड्यात माहेरला पंचमीला गेली. धाकटा भाऊ गौरी-गणपतीपर्यंत माझ्याशी बोलला नाही. त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी निपल, नळी आणि फीड पंप पोत्यात घालून मोहोळ गाठलं. स्टँडच्या मागं एका चाचांचा लेथ होता. पत्र्याचं शेड, आत पितळेचा किस पडलेला, आणि चाचा सत्तरीला आलेले. मी सगळं सांगितलं, म्हटलं जोड घट्ट आहे पण हवा ओढतो. त्यांनी निपल सोडवली, चष्म्याजवळ नेली आणि विचारलं, "हातानं किती आटे गेले होते?"

"तीन."

"और फिर?"

"मग पाना लावला."

"तीन तो किसीके भी किसीमें जाते हैं, बेटा," चाचा म्हणाले. मग त्यांनी कंगव्यासारखी पाती असलेली पट्टी काढली. आटे मोजायची असते ती, तोवर मी बघितली नव्हती. निपलीवर एक पातं बसवलं: इंचात १९ आटे. पंपाच्या भोकाला दुसरं: दीड-दीड मिलिमीटरवर एक आटा. निपल इंग्रजी पाव इंची पाइपाच्या आट्याची, भोक चौदा मिलिमीटरचं. निपल जाडीला तेरा मिलिमीटरच्या जरा वर, म्हणून आत सैल जाते. आट्यांमधलं अंतर जवळजवळ सारखं पण सारखं नाही, म्हणून तीन आट्यांवर अडते. मग पाना लावला की पितळ चेचतं आणि घट्ट झाल्याचा भास होतो. सफेद्यानं आठ दिवस झाकून धरलं, इंजानाच्या हादऱ्यानं उघडं पडलं. माझा धागा तर त्यांनी चिमटीत धरून नाचवला. "ये नोझलमें जाता तो?" पितळ मऊ म्हणून पंपाचे आटे वाचले, लोखंडाची निपल असती तर पंपही गेला असता, असंही म्हणाले.

मी म्हटलं, पाव इंची म्हणता आणि मोजलं तर अर्ध्या इंचाच्या वर भरते, हे कसं? चाचा म्हणाले, इंग्रज पाइपाचं नाव त्याच्या आतल्या भोकावरनं ठेवायचे, आटे मात्र बाहेरनं असतात. आतलं माप, बाहेरचे आटे. मला ते आमच्या गावातल्या काही घरांसारखं वाटलं, पण बोललो नाही.

मग त्यांनी पितळी गज घेतला आणि जोडणी केली: एका बाजूला इंग्रजी आटे, दुसऱ्या बाजूला मिलिमीटरचे, मधे सहा कोनांचा पाना धरायला भाग, आतनं आरपार भोक. लेथ त्यांचा इंग्रजी मापाचा, म्हणून पहिली बाजू पटकन झाली. दुसऱ्या बाजूला त्यांनी फळीवरनं कापडात गुंडाळलेलं एक दातेरी चाक काढलं आणि लेथच्या बाजूला चढवलं. म्हणाले, मोज. मी बोटानं मोजलं, एकशे सत्तावीस दाते. पाच इंच म्हणजे बरोबर १२७ मिलिमीटर. त्या एका चाकामुळं इंचाच्या लेथवर मिलिमीटरचे आटे पडतात. त्याहून लहान चाकावर हिशेब अचूक बसत नाही, कारण १२७ ला कशानं भाग जात नाही. दोन दुनियांचा सौदा ह्या चाकावर होतो, अशा अर्थाचं काहीतरी ते बोलले. मी त्या वेळी मजुरी किती सांगतात ह्या काळजीत होतो.

जोडणीच्या दोन्ही तोंडांना तांब्याचे वायसर घातले. धागा नाही, सफेदा नाही. ह्या जोडात आटे फक्त धरतात, गळती वायसर थांबवतो, हेही मला तेव्हा कळलं. पंधरा वर्षं मी आट्यांना सफेदा फासत आलो होतो.

हे सगळं कुठनं आलं, ते मला पुढं थोरला पोरगा सोलापूरला आयटीआयला फिटर झाला तेव्हा त्याच्या पुस्तकांतनं आणि मग इकडनंतिकडनं वाचून समजलं. दोनशे वर्षांमागं प्रत्येक कारखान्याचा बोल्ट वेगळा होता. एका दुकानचा नट दुसऱ्याच्या बोल्टावर जात नसे. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज कारागिरानं ठिकठिकाणच्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, मोजले आणि त्यांचं मधलं माप काढून १८४१ साली मांडलं. आट्याचा कोन ५५ अंश. हा माणूस मला आवडतो. त्यानं स्वतःचंच खरं म्हटलं नाही, पंचायत बसवावी तसं सगळ्यांच्या मधलं काढलं. पण १८६४ ला अमेरिकेत विल्यम सेलर्सनं ६० अंशाचा आटा काढला, करायला सोपा म्हणून. युरोपातल्यांनी १८९८ ला झुरिचला जमून मिलिमीटरचा आटा ठरवला. प्रत्येकानं एकीच केली, फक्त आपापली.

त्याचे भोग मोठ्यांनीही भोगले. अमेरिकेत बाल्टिमोर शहराला फेब्रुवारी १९०४ मध्ये आग लागली. शेजारच्या शहरांतनं आगीचे बंब धावून आले, पण त्यांच्या नळ्यांची तोंडं बाल्टिमोरच्या नळांना बसेनात. पाणी होतं, माणसं होती, जोड नव्हता. दीड हजारांवर इमारती जळाल्या. हे वाचलं तेव्हा मला त्या बंबवाल्यांचे चेहरे दिसले. मी तसा एकदा बसलोय. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज आणि अमेरिकन एकाच बाजूनं लढत होते, तरी त्यांचे नटबोल्ट एकमेकांना जात नव्हते. तेव्हा कुठं १९४८ ला अमेरिका, इंग्लंड आणि कॅनडानं एक आटा मान्य केला.

आणि आमच्याकडं? आमच्याकडं सगळेच आले. इंजिनं आधी विलायतेहून यायची, लिस्टर, पेटर, रस्टन असली. साताऱ्याला कूपरांच्या कारखान्यात स्वातंत्र्याच्या आधीच डिझेल इंजिन व्हायला लागलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० ला औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवून लोखंडी नांगर केले, आणि १९४६ ला पुण्यात खडकीला किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला. तिकडं राजकोटला लिस्टरच्या धाटणीची इंजिनं ओतणारे उभे राहिले. ह्या इंजिनांनी महाराष्ट्रातली मोट बंद केली, हे लहान काम नाही. जुन्या धाटणीचं धड इंग्रजी, म्हणजे इंचाचं. पण डिझेल नेमकं मोजून सिलिंडरात मारणारा पंप ही जर्मनीच्या बॉशची विद्या. त्यांनी १९२७ पासून तो पंप मोठ्या प्रमाणावर काढला, आणि १९५१ ला त्यांच्याच सहकार्यानं बंगळुरूला मायको सुरू झाली. तो पंप मिलिमीटरचा. म्हणजे इंजिनाचं अंग इंचात आणि तोंडात घास भरवणारा हात मिलिमीटरात. ज्या कारखान्यात हे जोडायचे तिथं बरोबर जोडणीही देत असणार. पण ती जोडणी भंगारवाल्याकडं हरवली की पुढचा सगळा इतिहास आमच्यासारख्याच्या पान्याखाली यायचा.

सरकारनं १९५६ ला दशमान मापांचा कायदा केला. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, मग किलो आला, मीटर आला. माझी आजी मरेपर्यंत आण्यातच बोलली. चार आण्याचे पंचवीस पैसे बरोबर व्हायचे, पण एका आण्याचे सहा आणि वर पाव पैसा, आणि तो पाव पैसा दुकानदारच खातो अशी तिची पक्की समजूत होती. मिस्त्री लोक तर अजून सुतात बोलतात. आठ सुतांचा इंच. आणि पाइपाच्या बाबतीत दुनियाच हरली आहे. मिलिमीटरवाल्या देशांतसुद्धा नळाचे आटे इंग्रजांचेच राहिलेत. हार्डवेअरच्या दुकानात जाऊन पंधरा मिलिमीटरचा नळ मागून बघा, दुकानदार तुमच्याकडं परदेशी पाहुण्यासारखं बघंल. अर्धा इंची म्हटलं की लगेच देईल. त्रेसष्टचा पीव्हीसी आम्हाला दोन इंची, पंच्याहत्तरचा अडीच, नव्वदचा तीन. छापलेलं एक, बोलायचं दुसरं, आणि दोन्ही खरं.

होडी त्या जोडणीवर पुढं सहा-सात वर्षं चालली. कॅन मात्र मी इंजानाच्या वर, लोखंडी तिवईवर बसवला, होडी डुलली तर डुलू दे म्हणून. वल्ही परत आत आली. तात्या गेल्यावर होडी बंद झाली. पोरांनी मोटारसायकली घेतल्या, त्यांना वळशाचं काही वाटत नाही. इंजान परत भंगारात गेलं. भंगारवाला आला तेव्हा मी आधी जोडणी काढून घेतली. चाचांचं शेडही आता नाही. त्या १२७ दात्यांच्या चाकाचं काय झालं, मी त्यांच्या नातवाला विचारलं होतं. त्याला ते कुठलं तेच आठवंना.

दोन वर्षांमागं आम्ही डाळिंबाला ठिबक केलं. होडीत दीड वर्षाचा होता तो पुतण्या आता बाप झालाय, शेत तोच बघतो. विहिरीवर जाळीचा फिल्टर बसवत होता, मी बांधावर बसून बघत होतो. भावजय भाकरी घेऊन आली. पुतण्यानं फिल्टरच्या बाजूला दाबाच्या मीटरची निपल घातली, दोन-तीन वेढे फिरवली आणि मोठा पाना उचलला. मी काही बोलायच्या आत भावजयीनं भाकरीचं गठुळं खाली ठेवलं.

"हातानं किती गेलं रं?" तिनं विचारलं.

"अडीच-तीन आटे गेलं की."

"मग काढ ते," ती म्हणाली.